भुलाबाई, कोजागिरी आणि चाचण्या: मुलींच्या प्राथमिक शाळेत पहिल्या सत्राचा शेवटचा महिना कसा आखावा

खान्देशात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई, म्हणजे मुलींचा महिनाभराचा गाण्यांचा खेळ, बसते, कोजागिरीला तिची सांगता होते आणि तिथून पंधरा दिवसांत दिवाळी येते. याच महिन्यात संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राअखेरचे पेपर असतात. कापसाची वेचणी सुरू झालेली असते, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत बोचकी बांधायची तयारी चालू असते. पेपरांना जेमतेम चार दिवस लागतात, पण पूर्ण महिना पेपरांच्या नावाखाली निघून जातो. मुलींच्या शाळेला या महिन्यात मिळवायच्या असतात दोन गोष्टी. प्रत्येक मुलगी आज नेमकी कुठे आहे हे कळायला हवं, आणि दिवाळीनंतर ती परत वर्गात बसायला हवी. खालची आखणी पहिली ते चौथीच्या, साधारण ४५ पटाच्या, दोन-तीन शिक्षकांच्या शाळेसाठी आहे. पट जास्त असला तर प्रमाणं वाढवून घ्या.

आधी तिथीचं कॅलेंडर, मग तारखांचं

दिवाळीची सुट्टी धनत्रयोदशीच्या दोन-तीन दिवस आधी लागते असं धरून मागे मोजत या. शेवटचा आठवडा पेपर, निकाल आणि आवराआवरीचा. त्याच्या आधीच्या आठवड्यात कोजागिरी येते. त्याही आधीचा आठवडा नवरात्र-दसऱ्यात अर्धामुर्धा जातो, म्हणून तिथे नवीन धडा सुरू करू नका. सगळ्यात पहिला आठवडा, पितृपक्ष संपून घट बसतात तो, हाच खरा कामाचा. मुली हजर असतात, घरी सणाची गडबड अजून नसते आणि वेचणीचा जोर अजून यायचा असतो. पातळी तपासणी आणि स्थलांतराची यादी ही दोन्ही कामं याच आठवड्यात उरका. दसऱ्यानंतर ढकलली तर ज्या मुलींसाठी ती करायची त्याच गावात नसतात.

२ ऑक्टोबर, ११ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय बालिका दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन बहुतेक वर्षी याच पट्ट्यात येतात. प्रत्येकाला वेगळा कार्यक्रम, वेगळा फलक, वेगळा फोटो असं करत बसलात तर तीन दिवस गेले. बालिका दिनाला वाचन तपासणी ठेवा, आणि वाचन प्रेरणा दिनाला सुट्टीत घरी न्यायची पुस्तकं वाटा. दोन्हींची नोंदही होते आणि कामही होतं.

पातळी तपासणी: एका मुलीला पाच मिनिटं

रोज परिपाठानंतर आठ-दहा मुली घेतल्या तर आठवड्यात ४५ चा पट पूर्ण होतो. बाकीच्या वर्गाला तेवढा वेळ चित्र किंवा गटवाचन द्या. तपासणी वर्गासमोर करू नका. व्हरांड्यात सतरंजी टाका आणि मुलीच्या समोर नको, शेजारी बसा.

वाचनासाठी पाठ्यपुस्तकातला उतारा वापरू नका, कारण निम्म्या वर्गाचे धडे पाठ असतात. हे ओळखायचं असेल तर मुलीला तिसऱ्या ओळीतला मधला शब्द बोटाने दाखवायला सांगा. पाठ असलेली मुलगी पहिल्यापासून म्हणत येते. तिसरीसाठी ८० ते १०० शब्दांचा, गावातल्या विषयावरचा, न पाहिलेला उतारा हाताने लिहून घ्या. घड्याळ लावून १ मिनिट वाचू द्या, थांबली तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि चुकलेले शब्द वजा करा. ५२ शब्दांपर्यंत पोचली आणि ६ चुकले, तर ४६. निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी अपेक्षा आहे मिनिटाला ६० शब्द, तेही समजून. आत्ता वर्ष अर्धं झालंय, त्यामुळे ४५-५० वर असलेली मुलगी वाटेवर आहे. ३० च्या खाली असेल तर अडचण वेगाची नसते, अक्षरांची असते. तिला उतारा बाजूला ठेवून काना-मात्रेचे सुटे शब्द आणि मग जोडाक्षरं द्या. कुठे अडते ते लगेच दिसतं. शेवटी उताऱ्यावर तीन प्रश्न तोंडी विचारा.

इथे खान्देशात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. उताऱ्यात 'घर मोठे आहे' असं असतं आणि मुलगी वाचते, 'घर मोठं शे.' 'मला' असतं, ती म्हणते 'माले'. याला वाचनाची चूक धरू नका. तिने अक्षरं पाहिली, अर्थ लावला आणि तो अहिराणीत सांगितला, म्हणजे समजून वाचलं. अशा शब्दांवर चुकीच्या फुलीऐवजी गोल करा आणि वेगळे मोजा. फुली फक्त तिथे, जिथे अर्थ तुटला. यावल-रावेर पट्ट्यात लेवा गणबोली आणि नंदुरबारच्या पाड्यांवर भिली-पावरी बोलणाऱ्या मुलींना हाच नियम. पावरी घरातल्या पहिलीतल्या मुलीचे तीन प्रश्न तिच्या भाषेत विचारायला चौथीतली एखादी ताई शेजारी बसवा. बाईंसमोर गप्प राहणारी मुलगी ताईला धडाधड उत्तरं देते.

गणितासाठी पाचच उदाहरणं पुरेत, पण प्रत्येक उदाहरण काहीतरी वेगळं दाखवणारं हवं. दुसरी-तिसरीला ५२ − २७ जरूर द्या. उत्तर ३५ आलं तर मुलीने एककात मोठ्यातून लहान वजा केलं, म्हणजे ७ मधून २. तिला उसनं घेणं माहीतच नाही. बरोबर उत्तर २५ ऐवजी २५ च्या जवळपासचं काही, उदाहरणार्थ २४ किंवा २६ आलं, तर बहुधा बोटं मोजताना घसरली. दोघींचा उपाय वेगळा आहे. उसनं न येणारीला दशकाच्या जुड्या सोडून दाखवाव्या लागतात, तुरीच्या काड्या १०-१० च्या बांधून. मोजताना घसरलेलीला फक्त सराव लागतो.

निकाल एका पानावर तीन रकान्यांत मांडा: नाव, आज जमतं ते, पुढची एक पायरी. पुढची पायरी एकच लिहा. चार लिहिल्या तर एकही होत नाही.

स्थलांतराची यादी

धुळे-नंदुरबारमधली आणि जळगावच्या चाळीसगाव भागातली बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, तर नंदुरबार-नवापूर पट्ट्यातली पुष्कळशी गुजरातेत बारडोली-नवसारीकडे. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न तेव्हा उरत नाही. मुलगी बरोबर जाणार की मागे राहणार, एवढाच प्रश्न उरतो. मुलगा आजीजवळ ठेवला जातो आणि मुलगी धाकट्याला सांभाळायला फडावर नेली जाते. मुलींच्या शाळेने ही यादी मनावर घ्यायची ती यासाठी.

मुलींना वर्गात उभं करून 'कोण कोण जाणार?' असं विचारू नका. घरी जा, संध्याकाळी सातनंतर. वहीत एवढं टिपा: कुठला जिल्हा किंवा कारखाना, मुकादमाचं गाव, निघायचा अंदाज, परतायचा अंदाज, गावात मागे कोण राहणार, दोन फोन नंबर (एक घरातला, एक न जाणाऱ्या नातेवाइकाचा). मग तीन वाटा आहेत.

पहिली, मुलगी गावातच राहते. आजी, काकू, मामी कोणी तयार असेल तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेत तिच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. दुपारचं शाळेत मिळतंच. प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जातो, म्हणून यादी लवकर लागते. ठराव दिवाळीनंतर केला तर मुली तोवर ट्रकमध्ये बसलेल्या असतात.

दुसरी, महाराष्ट्रातच जाते. तिला शिक्षण हमी कार्ड भरून द्या. त्यात इयत्ता आणि अध्ययन पातळीचा रकाना असतो. तिथे 'समाधानकारक' लिहू नका, वरच्या तपासणीतलं वाक्य लिहा. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या आणि त्याचा फोटो तिच्या फोनमध्ये काढून ठेवा. दाखला नाही म्हणून तिथली शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. आईला हे एका वाक्यात सांगून ठेवा.

तिसरी, गुजरातेत जाते. हे सगळ्यात अवघड, कारण तिथली जवळची शाळा बहुधा गुजराती माध्यमाची. शक्य असेल तोवर पहिल्या वाटेसाठी घरच्यांशी बोला. नाहीच जमलं तर पुस्तकं, दोन वह्या आणि सुट्टीचा पुढे दिलेला अभ्यास जास्तीचा द्या, आणि आठवड्यातून एकदा फोनवर उतारा वाचून घ्यायचं ठरवा. कुठल्याही वाटेत पटावरून नाव कमी करण्याची घाई नको.

भुलाबाईचा तास

भुलाबाई शाळेत आणायची ती खेळ म्हणून. गाणी, टिपऱ्या आणि खिरापत एवढंच घ्या, पूजा घरी असते ती घरीच राहू द्या. मूर्ती बसवायलाच हवी असं नाही. बसवायची असेल तर मातीकामाच्या तासाला मुलींनीच करावी आणि ज्वारीच्या ताटांचं मखर बांधावं. वर्गात मुस्लिम मुली असतात, पावरा-भिल्ल मुली असतात, काही घरांत भुलाबाई मुळीच बसत नाही. त्यांनी आपापल्या घरातलं गाणं, लग्नातलं, होळीचं, अंगाईचं, आणलं की फेर तोच राहतो आणि कोणी कडेला बसून राहत नाही.

आठवड्यातून तीन दिवस, शेवटची ३० मिनिटं पुरतात. पहिल्या दहा मिनिटांत जुनं गाणं. घराघरांत शब्द वेगळे असतात, त्यावरून भांडणं होतात, ती होऊ द्या. दोन्ही पाठ फळ्यावर लिहा आणि फरक मुलींना शोधू द्या. वाचनाचा असा सराव पुस्तकातून होत नाही. पुढची दहा मिनिटं नवं कडवं. भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेर, सासू, नणंद, दीर, न मिळणारी माहेरची परवानगी हे सगळं येतं. हे वगळावं असं काही जणींना वाटतं. वगळू नका, आयांच्या ओठांवर तेच आहे. पण त्याच चालीवर मुलींना आपलं कडवं जोडायला लावा: शाळेत जायचं तर कोण काय म्हणतं? आजी काय म्हणते, बाबा काय म्हणतात, बाई काय म्हणतात? प्रश्न-उत्तराची घडण तयारच असते, त्यामुळे दुसरीच्या मुलीही एक ओळ रचतात. रचलेलं लगेच वहीत उतरवून घ्या, दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

शेवटची दहा मिनिटं खिरापत. आज जिची पाळी ती डबा झाकून आणते, बाकीच्या ओळखतात. घरच्या खेळात नुसती नावं घेतली जातात. शाळेत नियम बदला: नाव घ्यायच्या आधी पाच प्रश्न विचारायचे, आणि डबेवालीने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. कोरडी आहे का? भाजलेली आहे का? शेतात पिकते का? आवाज होतो का? डबा हलवून दाखव. पहिल्या दिवशी सगळ्या एकदम ओरडतात आणि तिसऱ्या प्रश्नालाच कोणी तरी 'फुटाणे!' म्हणून मोकळी होते. आठवडाभरात प्रश्न धारदार होतात, आधी गट ठरवून मग आत शिरायचं हे मुलींच्या लक्षात येतं. तिसरीच्या परिसर अभ्यासात वर्गीकरण शिकवायचं म्हणतात ते हेच.

खिरापतीचा भार घरांवर टाकू नका. गरीब घरच्या मुलीची पाळी आली की ती त्या दिवशी गैरहजर राहते, हा हमखास अनुभव. डबा शाळेचा, जिन्नस शाळेचा, मुलीने फक्त निवडायचं. माणशी ३० ग्रॅम धरले तर ४५ मुलींना फुटाणे १ किलो ३५० ग्रॅम लागतात. ज्वारीच्या लाह्या हलक्या, ४०० ग्रॅममध्ये भागतं. केळी जळगावकडे स्वस्त पडतात, अर्धं अर्धं करून २३. पहिलीच्या मुलींना अख्खे शेंगदाणे देऊ नका, कुटून गुळात लाडू करून द्या.

टिपऱ्या साधारण १ फूट लांब, अंगठ्याएवढ्या जाड असाव्यात. टोकं कानशीने घासून गोल करा, नाहीतर कुसळ जाते. बोटं चेपतात ती टिपरी मधोमध धरल्याने. खालच्या टोकाजवळ धरायला आणि वरच्या टोकाने वाजवायला शिकवा. दोन वर्तुळं करा, आतलं उजवीकडे फिरतं, बाहेरचं डावीकडे. पहिली-दुसरीला टिपऱ्या नकोत, टाळ्या पुरेत. चार ठोक्यांचा फेर बसला की चौथ्या ठोक्याला ४, ८, १२ म्हणायला लावा. चारचा पाढा तीन दिवसांत बसतो, आणि उलटाही म्हणता येतो.

हस्तलिखित

अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. प्राथमिक शाळेला रोजचं झेपणार नाही, सत्राला एक झेपतं. मुलीला एक पान. भुलाबाईच्या तासात रचलेलं कडवं, आजीकडून ऐकलेलं कोडं, एखादी पाककृती, कापसाच्या बोंडाचं चित्र, काहीही चालेल. अट एकच, पुस्तकातून उतरवलेलं नको.

चित्रकलेचा जाड कागद घ्या. डावीकडे ३ सेंटिमीटर समास सोडायला लावा, शिवणीत अक्षरं जातात. एकाच बाजूला लिहायचं, स्केचपेनची शाई मागे उतरते. कच्चं लिखाण वहीत, मग जोडीतल्या मैत्रिणीने वाचायचं, मग पक्कं. शुद्धलेखन कच्च्यात दुरुस्त करा, पण अहिराणी कडवं अहिराणीतच राहू द्या. ते प्रमाण मराठीत 'सुधारलं' की त्यातली लय जाते आणि मुलगी पुन्हा लिहीत नाही. पहिलीच्या मुली सांगतील ते चौथीच्या मुलींनी लिहून घ्यावं, खाली दोघींची नावं. दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. स्टेपलर एवढ्या जाडीला पुरत नाही.

कोजागिरीची संध्याकाळ

माता-पालक सभा दुपारी दोनला ठेवली तर तीन-चार आया येतात. बाकीच्या वेचणीला असतात, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते, एक दिवस बुडाला की पैसे बुडतात. आठवडे बाजाराच्या दिवशी बऱ्याच गावांत मजुरीला सुट्टी असते, तो दिवस चालतो. पण सगळ्यात चांगली वेळ कोजागिरीची संध्याकाळ, कारण भुलाबाईच्या गाण्यांना आया तशाही येतात. घराघरांत कार्यक्रम असतील तर एक दिवस आधी ठेवा. व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि केंद्रप्रमुखांना लेखी कळवा.

साडेसहाला सुरू, साडेआठला मुली घरी. पहिली २० मिनिटं गाणी, १० मिनिटं खिरापत ओळखणं, त्यात आयांनाही ओढा. मग ४० मिनिटं मुख्य काम: वर्गवार सतरंज्या, प्रत्येक मुलगी आपल्या आईशेजारी, समोर वही आणि हस्तलिखितातलं पान. मुलगी आईला अर्धं पान वाचून दाखवते, शिक्षिका सतरंजीवरून फिरत प्रत्येकीजवळ दोन मिनिटं बसते आणि दोन वाक्यं सांगते, आज काय जमतं आणि सुट्टीत कशावर काम करायचं. आई वाचू शकत नसली तर अडचण नाही, मुलगी अडखळते का ते तिला ऐकू येतं. प्रमुख पाहुणे बोलवू नका. सरपंच आले तर तीन मिनिटं. भाषण लांबलं की धाकटी पोरं रडतात, आया उठतात आणि सतरंजीवरचं काम राहून जातं.

ऊसतोडीला जाणाऱ्या आयांशी इथेच, पण बाजूला घेऊन बोला. आजी-काकू सोबत असतील तर मुलगी मागे ठेवायचा विषय त्यांच्यासमोर काढा. ठरतं ते त्यांच्या होकारावर.

दूध: ४५ मुली आणि ३५ आया धरून ८० जणी, माणशी १०० मिलिलिटर म्हणजे ८ लिटर. ९ लिटर घ्या, आटून ८ होतं. साखर लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे साधारण साडेपाचशे ग्रॅम, ती उकळी येऊन दूध थोडं आटल्यावर घाला. आधी घातली की दूध तळाला लवकर लागतं. वेलदोडे २०, चारोळी ५० ग्रॅम. पातेलं १५ लिटरचं हवं आणि दुपारच्या भाजीचा आंबट वास राहिलेलं नको, त्याच कारणाने दूध फाटतं. आधी तळाला पेलाभर पाणी घाला, मग दूध. घरी पाठवताना गल्लीवार गट करा, प्रत्येक गटाबरोबर दोन आया. चांदणं असलं तरी दोन बॅटऱ्या लागतात, वीज त्याच वेळी जाते.

पेपर आणि नोंदी

२०१० पासून चालत आलेल्या पद्धतीत पहिली-दुसरीला आकारिक (सत्रभराच्या कामाचे) ७० आणि संकलित (पेपरांचे) ३० गुण, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण पेपरांच्या आधीच ठरलेले असतात. हे ध्यानात ठेवलं तर पेपरांचा बाऊ होत नाही. आकारिकाच्या नोंदी शेवटच्या रात्री एका बैठकीत भरल्या की सगळ्यांना सारखेच गुण पडतात. वाचन तपासणी हे तोंडीकाम, टिपऱ्या-मखर ही कृती, हस्तलिखिताचं पान हा प्रकल्प. त्या त्या दिवशीच भरा. रोज एकच पेपर, सकाळच्या वेळेत. गैरहजर मुलीचा पेपर दुसऱ्या दिवशी घ्या, 'गैरहजर' लिहून मोकळं होऊ नका.

वर्णनात्मक नोंदींकडे मात्र दुर्लक्ष फार होतं. 'अभ्यासात प्रगती चांगली', 'वाचनाची आवड आहे', 'सराव आवश्यक' ही वाक्यं कुठल्याही मुलीला लागू पडतात, म्हणजे कुणालाच लागू पडत नाहीत. विशेष प्रगतीच्या रकान्यात लिहा: 'जोडाक्षरांचा न पाहिलेला उतारा न अडखळता वाचते.' सुधारणेत लिहा: 'वजाबाकीत उसनं घेतल्यावर दशकातला एक कमी करायला विसरते.' आवडीत लिहा: 'भुलाबाईच्या चालीवर स्वतः कडवी रचते.' पुढच्या सत्रात वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे गेला तरी या तीन ओळींवर तिला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. आणि 'शांत, आज्ञाधारक, घरकामात आईला मदत करते' हा मुलींच्या प्रगतिपत्रकातला ठरलेला शेरा आता सोडा.

बालबाजार

पेपर संपल्यावर सुट्टी लागेपर्यंत एक-दोन दिवस रिकामे उरतात, तेव्हा भरवा. तिसरी-चौथीच्या मुली दुकानदार, बाकीच्या गिऱ्हाईक. पाच-पाच जणींचं एक दुकान. शेगडी, स्टोव्ह नको. भेळ, लिंबू सरबत, केळी, काकडी, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा एवढ्यावर भागतं. भेळेच्या २५ प्लेटींना मुरमुरे ५०० ग्रॅम, शेव-फरसाण ४०० ग्रॅम, कांदे आणि टोमॅटो अर्धा-अर्धा किलो, लिंबं ५, कोथिंबिरीची एक जुडी. कांदा-टोमॅटो बाईंनी चिरून द्यावा. भेळ एकदम कालवून ठेवली की पंधरा मिनिटांत लगदा होतो, म्हणून पाच-पाच प्लेटी कालवा.

पैशांऐवजी शाळेचे कागदी कुपन वापरा. प्रत्येक मुलीला २० रुपयांचे, खर्च शाळेचा किंवा समितीचा. घरून पैसे आणायला सांगितलं की कोणाकडे पन्नासची नोट आणि कोणाचे हात रिकामे.

हिशोबाशिवाय बालबाजार म्हणजे नुसतं खाणं. दुकानाने वहीत लिहायचं: सामानाला १५० रुपये, प्लेट १० रुपयांना, विकल्या २२, आले २२०, नफा ७०. उरलेल्या तीन प्लेटींचं काय झालं हे विचाराच. दुकानदारांनी खाल्लेल्या असतात, आणि त्या धरल्या असत्या तर नफा १०० झाला असता, हे मुलींनी स्वतः काढलं की नफा-तोटा निम्मा समजलेला असतो.

सुट्टीचा अभ्यास

शुद्धलेखनाची वीस पानं देऊ नका. ती शेवटच्या रात्री दादा लिहून देतो. मुलगी त्या दिवसांत जिथे असते तिथलं काम द्या. आई वेचणीला जात असेल तर संध्याकाळी आईने किती किलो वेचलं ते वहीत टिपायचं: सोमवार ३२, मंगळवार २८, बुधवार ३५, बेरीज ९५. भाव समजा किलोला १० रुपये, तर ९५०. आठवड्याचा हिशोब मजुरीशी ताळा करायचा. हा अभ्यास घरात कोणी 'बंद कर ते' म्हणत नाही. फक्त काम आईचं, नोंद मुलीची हे घरी नीट सांगा. मुलीला वेचणीला लावायचं हे निमित्त होता कामा नये.

त्याच्या जोडीला दोन गोष्टीची पुस्तकं, एका गल्लीतल्या तिघींना मिळून सहा, म्हणजे अदलाबदल होते. आणि पातळी तपासणीत लिहिलेल्या त्या एका पायरीचा सराव, रोज पाच ओळी किंवा पाच उदाहरणं. बस्स.

शाळा बंद करताना

पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम, ४५ मुलींना साडेचार किलो. शेवटच्या दहा दिवसांना ४५ किलो पुरतो. त्याहून फार उरणार असेल तर आधीच केंद्रप्रमुखांशी बोला. सुट्टीत पोत्यात राहिलेल्या तांदळाला पोरकिडे लागतात आणि उंदीर येतात. उरलेला झाकणाच्या कोठीत, जमिनीपासून वर, मोजून वहीत नोंदवून ठेवा. पाण्याची टाकी रिकामी करून उलटी. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, नळ आणि पाण्याची सोय सुट्टीतच दुरुस्त करून घ्या. कडी तुटलेली असली की चौथीच्या मुली दुपारी घरी जातात आणि परत येत नाहीत.

वर्षाच्या शेवटी, १ मेच्या निकालाला, यात आणखी एक काम वाढतं. शाळा चौथीपर्यंतच असेल तर चौथीच्या मुलींचे दाखले पालकांच्या हातात देऊन थांबू नका. पाचवीच्या शाळेला यादी स्वतः द्या, आणि पाचवीपासून मुलींना एसटीचा मोफत पास असतो तो कसा काढायचा ते आयांना सांगा.

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा

पहिल्या दिवशी हजेरी झाली की गैरहजर मुलींची यादी स्थलांतराच्या यादीशी ताडून पाहा. जी जाणार होती ती गेली का, कार्ड घेऊन कुठल्या शाळेत बसली का, हे फोनवर विचारा. जी जाणार नव्हती आणि तरी आली नाही, तिच्या घरी तिसऱ्या दिवसाच्या आत जा. तिच्या गल्लीतल्या दोघी मैत्रिणी सोबत घ्या, आणि तिचं हस्तलिखितातलं पान घेऊन जा. उशीर झाला की घरच्यांनी तिच्या हातात धाकटं भावंड दिलेलं असतं, आणि मग महिना जातो. आलेल्या मुलींना पहिल्या दोन दिवसांत नवीन धडा नको: कापसाच्या हिशोबाच्या वह्या काढा, गल्लीतली पुस्तकं परत गोळा करा आणि ती एक पायरी कोणाची चढली, कोणाची राहिली ते तपासा.